सरकारी शाळांतील शिक्षकांचे वेतन कशावर ठरावे : सेवाकाळ, पदवी की मुलांचा निकाल?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतन जगात बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टींवर ठरते: नोकरीला किती वर्षे झाली आणि हाताशी कोणती पदवी आहे. वर्गाचे दार लावल्यावर आत काय घडते, याचा त्या वेतनाशी काहीही संबंध नसतो. एकाच शाळेत एकाच दिवशी रुजू झालेल्या दोन शिक्षकांपैकी एक मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवतो, दुसरा पाठ्यपुस्तक वाचून दाखवतो आणि घंटेची वाट पाहतो. वार्षिक वेतनवाढ मात्र दोघांना सारखीच मिळते. हा अन्याय पहिल्या शिक्षकावर तर आहेच, पण त्याहून अधिक तो दुसऱ्याच्या वर्गात बसलेल्या मुलांवर आहे.

वेतनाचा काही भाग, समजा दहावा हिस्सा, कामाच्या गुणवत्तेशी जोडावा असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी कारणांसह लिहावे. विनंती एवढीच, की शिक्षकांना भरपूर मिळते की काहीच मिळत नाही या वादात धागा अडकू नये. किती द्यावे याइतकाच कसे द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्यावर फार कमी बोलले जाते.

मधली सुट्टी

मी बरीच वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवते आहे, म्हणून थेट विचारते: माझी गुणवत्ता तुम्ही कशावर मोजणार? माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींना घरी कोणी गोष्ट वाचून दाखवलेली असते, तर काहींनी पुस्तक हातात धरलेलेही नसते. वर्षअखेरीस पहिल्या गटातील मुले धडाधड वाचतात आणि दुसऱ्या गटातील मुले जोडाक्षरांपाशी अडखळतात. यात माझे कर्तृत्व किती आणि घरच्या परिस्थितीचे किती, हे मला स्वतःलाही नीट सांगता येणार नाही. शिवाय पहिलीत पक्क्या झालेल्या वाचनाचे फळ चौथीच्या परीक्षेत दिसते, तेव्हा बक्षीस चौथीच्या शिक्षकाला द्यायचे का? चित्रकला, संगीत आणि शारीरिक शिक्षण शिकवणारे माझे सहकारी तर कोणत्याच लेखी परीक्षेच्या हिशेबात येत नाहीत.

जुनी पाने

निकालावर पैसे देण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये नवी अनुदानसंहिता आली. शाळेचे बरेचसे अनुदान मुलांची हजेरी आणि निरीक्षकाने घेतलेली वाचन, लेखन व अंकगणिताची परीक्षा यांवर ठरू लागले. जितक्या विषयांत मूल नापास होईल, तितकी रक्कम कापली जाई, आणि त्याची झळ शिक्षकाच्या पगारापर्यंत पोहोचत असे. परिणामी मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करू लागली. त्या तीन विषयांपलीकडचे शिकवणे आटले. सुमारे तीन दशके ही पद्धत चालली आणि १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली.

आज ज्या सेवाकाळ-पदवीच्या वेतनश्रेणीवर धागाकर्त्याचा रोष आहे, ती कोठून आली हेही पाहायला हवे. अमेरिकेत डेन्व्हर आणि डी मॉइन या शहरांनी १९२१ मध्ये सर्व शिक्षकांसाठी एकच वेतनश्रेणी स्वीकारली. त्यापूर्वी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः स्त्रियांना, माध्यमिक शाळेतील पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे, आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याहून कमी. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतनासाठी न्यायालयात जावे लागले. वकील थरगुड मार्शल त्यांच्या बाजूने लढले आणि १९४० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ही श्रेणी वरिष्ठांच्या मर्जीतून आणि पूर्वग्रहातून शिक्षकाला सोडवण्यासाठी आली. ती काढून टाकायची असेल, तर मर्जी पुन्हा शिरणार नाही याची हमी कोण देणार, याचे उत्तर आधी हवे.

आकडेशास्त्री

जुनी पाने यांनी इतिहास नेमका मांडला आहे, पण एकोणिसाव्या शतकातील अपयशावरून आजचा निर्णय घेणे योग्य नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवड करून प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे मुलांच्या गुणांत झालेल्या सरासरी वाढीनुसार शिक्षकांना बोनस मिळत होता. बोनसची सरासरी रक्कम वार्षिक वेतनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे अगदी माफक होती. तरीही दोन वर्षांनी त्या शाळांतील मुले इतर शाळांतील मुलांपेक्षा गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे गेली. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांवर कोणताही बोनस नव्हता, तरी त्यांतही ती पुढे होती; म्हणजे एका विषयासाठी दुसऱ्याचा बळी गेला नाही.

मधली सुट्टी यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. तेथे मूल कोठे पोहोचले हे मोजले नव्हते, ते जेथे होते तेथून किती पुढे सरकले हे मोजले होते. जोडाक्षरांपाशी अडखळणारे मूल वर्षारंभी अक्षरेही ओळखत नसेल, तर त्याची प्रगती धडाधड वाचणाऱ्या मुलाहून मोठी ठरते.

शाईची दौत

आंध्रच्या त्या प्रयोगात शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली का?

आकडेशास्त्री

नाही, गैरहजेरीत फरक पडला नाही. जे शिक्षक शाळेत येत होते, त्यांनी अधिक गृहपाठ दिला, जादा तास घेतले, सराव करून घेतला. फरक तेथून आला. हजेरीसाठी वेगळा उपाय लागतो. उदयपूरजवळ सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक केंद्रांत शिक्षकाने मुलांसह रोज कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे आणि मानधन हजर दिवसांवर ठरायचे, अशी योजना होती. एस्थर डफ्लो, रीमा हन्ना आणि स्टीफन रायन यांच्या अभ्यासानुसार गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे गुणही वाढले. ती केंद्रे सरकारी शाळा नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वाटसरू

प्रयोगांचाच आधार घ्यायचा, तर सगळे प्रयोग मांडावेत. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे २००६ ते २००९ या काळात गणिताच्या शिक्षकांना वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बोनस देऊ केला होता. ही रक्कम आंध्रच्या ३ टक्क्यांच्या तुलनेत कितीतरी मोठी होती. तरीही एकंदरीत मुलांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. न्यूयॉर्कने २००७ पासून अख्ख्या शाळेला बोनस देऊन पाहिला आणि परिणाम दिसत नाही म्हणून ती योजना बंद केली. केनियात पॉल ग्ल्यू, नौमान इलियास आणि मायकेल क्रेमर यांनी अभ्यासलेल्या योजनेत ज्या परीक्षेवर बक्षीस होते तिचे गुण वाढले, पण शिक्षकांची हजेरी आणि गृहपाठ होते तेवढेच राहिले, परीक्षेच्या सरावाचे तास तेवढे वाढले आणि योजना संपल्यावर ती वाढही टिकली नाही.

मधली सुट्टी

वाटसरू यांनी दिलेले केनियाचे उदाहरण मी माझ्या शाळेत पाहिले आहे, बोनस नसतानाही. एकदा वरून आदेश आला, की अमुक चाचणीत शाळेची श्रेणी सुधारलीच पाहिजे. त्यानंतरचे महिने आम्ही त्या चाचणीच्या नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घेण्यात घालवले. जी मुले काठावर होती, त्यांच्यावर सगळे लक्ष एकवटले. जी फार मागे होती, ती यंदा काठापर्यंत पोहोचणार नाहीत म्हणून मागच्या बाकांवर राहिली. श्रेणी सुधारली आणि शाळेचे कौतुकही झाले. मागच्या बाकांवरच्या मुलांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. ज्या चाचणीशी पैसा जोडला जाईल, तिच्यासाठी हे याहून मोठ्या प्रमाणात होईल याबद्दल मला शंका नाही.

जुनी पाने

आणि दबाव त्याहून वाढला की काय होते, ते अमेरिकेतील अटलांटामध्ये दिसले. तेथे लक्ष्य गाठल्यास बक्षीस आणि न गाठल्यास नोकरीवर गदा अशी स्थिती होती. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमध्ये गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांची नावे त्यांत आली. मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली गेली होती. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. सर्वांत मोठे नुकसान मुलांचे झाले. कागदावर उत्तीर्ण दिसणाऱ्या मुलाला मदतीची गरज आहे, हे कोणाला कळणारच नव्हते.

सांख्यिक

आकडेशास्त्री म्हणतात त्याप्रमाणे प्रगती मोजणे हे पातळी मोजण्यापेक्षा निःसंशय चांगले. पण एकेका शिक्षकाचा पगार ठरवण्याइतके ते मोजमाप विश्वासार्ह आहे का? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात म्हटले आहे, की मुलांच्या गुणांतील एकूण तफावतीपैकी शिक्षकांमुळे येणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के एवढाच आढळतो. अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी प्रगती मोजण्याच्या याच सूत्रांनी उलटी तपासणी करून पाहिली, तेव्हा पाचवीच्या शिक्षकाचा परिणाम मुलांच्या चौथीच्या गुणांवर झाल्याचे दिसू लागले. हे अशक्य आहे. याचा अर्थ, मुले कोणत्या वर्गात घातली जातात यातच कल असतो आणि सूत्र तोच शिक्षकाच्या नावावर लिहिते. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजमापाच्या बाजूने भक्कम काम केले आहे. चांगल्या शिक्षकाच्या हाताखालून गेलेली मुले पुढे अधिक कमावतात, असे त्यांना आढळले. हजारो शिक्षकांचा एकत्रित विचार करताना मी ते मान्य करतो. पण तीस मुलांच्या एका वर्गावरून, एका वर्षात, एका व्यक्तीच्या घरखर्चाचा निर्णय करावा इतके ते अचूक नाही. दोनतीन मुले परीक्षेच्या दिवशी आजारी पडली, तरी क्रमवारी हलते.

एक पालक

इतके वाचल्यावर एक साधा प्रश्न पडतो. सर्वांचेच मूळ वेतन भरघोस वाढवले, तर शिक्षण आपोआप सुधारणार नाही का?

आकडेशास्त्री

हा प्रयोग इंडोनेशियाने केला आहे. २००५ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकाला मूळ वेतनाइतकाच भत्ता मिळू लागला, म्हणजे मूळ वेतन जवळजवळ दुप्पट झाले. ३६० शाळांतील यादृच्छिक प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांचे समाधान वाढले, पैशांची ओढाताण आणि जोडधंदे कमी झाले. मुलांच्या शिकण्यात मात्र दोनतीन वर्षांनंतरही फरक आढळला नाही. उलट, आंध्र प्रदेशातच कंत्राटी शिक्षकांना नियमित शिक्षकाच्या सुमारे पाचवा हिस्सा वेतन मिळत असून त्यांची परिणामकारकता कमी नव्हती. नुसते वेतन वाढवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या दोन निष्कर्षांना उत्तर दिले पाहिजे.

निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण कंत्राटी शिक्षकांबरोबर मी दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्यापैकी अनेक जण खरोखर जीव तोडून शिकवत. पण ते त्या मानधनावर समाधानी होते म्हणून नव्हे, तर आज ना उद्या कायम होऊ या आशेवर ते तग धरून होते. पाचव्या हिश्श्यात तेच काम होते असा निष्कर्ष काढून ती आशाच काढून घेतली, तर पाच वर्षांनी अर्ज करणारे कोण असतील, याचा विचार करावा. माणसाच्या नाइलाजातून झालेली बचत ही धोरण म्हणून मांडू नये, असे मला मनापासून वाटते.

इंडोनेशियाबद्दल माझे म्हणणे असे, की त्या प्रयोगात जे आधीच नोकरीत होते त्यांचे वेतन वाढवले. वयाच्या पंचेचाळिशीत पगार दुप्पट झाला म्हणून शिकवण्याची रीत बदलत नाही, ते स्वाभाविकच आहे. वेतनाचा खरा परिणाम बारावीनंतर कोणते क्षेत्र निवडावे याचा विचार करणाऱ्या हुशार मुलामुलींवर होतो, आणि तो दिसायला एक पिढी लागते.

वाटसरू

निवृत्त मुख्याध्यापकांनी फार महत्त्वाचा भेद केला आहे. वेतनाची दोन कामे आहेत: कोणाला या पेशात आणायचे आणि टिकवायचे, हे एक, आलेल्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे दुसरे. या धाग्यात आपण फक्त या दुसऱ्या कामावर भांडत आहोत.

आकडेशास्त्री

हा भेद मलाही मान्य आहे, आणि म्हणूनच रवांडातील अभ्यासाचा उल्लेख करतो. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काही भागांत शिक्षकभरतीची जाहिरातच कामगिरीवर आधारित वेतनाची होती, तर काही भागांत स्थिर वेतनाची; निवड झाल्यावर मात्र कोणाला कोणता करार हे पुन्हा यादृच्छिक ठरवले. त्यामुळे दोन्ही परिणाम वेगळे काढता आले. बोनसच्या जाहिरातीने आलेले शिक्षक वाईट निघाले नाहीत, आणि त्या करारावर काम करणाऱ्यांच्या हाताखाली मुले अधिक शिकली. मुलांच्या गुणांबरोबरच शिक्षकाची हजेरी, पाठाची पूर्वतयारी आणि वर्गातील अध्यापन यांचेही मूल्यमापन तेथे होत होते.

सांख्यिक

म्हणजे केवळ परीक्षेवर विसंबलेली योजना ती नव्हती. आपले मतभेद आता फार उरले नाहीत, असे वाटते.

शाईची दौत

एक अंग अजून कोणी मांडलेले नाही: कोणत्या शाळेत काम करतो, यावर वेतन. रस्त्यापासून दूरच्या, पटसंख्या जास्त आणि सोयी कमी असलेल्या शाळेत जाणाऱ्याला तेवढेच वेतन मिळते, जेवढे शहरातील सुस्थित शाळेतील शिक्षकाला. साहजिकच प्रत्येक अनुभवी शिक्षक बदलीसाठी धडपडतो आणि अवघड शाळांच्या वाट्याला नवखे शिक्षक आणि रिकामी पदे येतात. माझी पहिली नेमणूक अशाच शाळेत होती. तेथून सुटल्यावर मला आनंद झाला हे खरे आहे, आणि माझ्या जागी कित्येक महिने कोणी आले नाही हेही खरे आहे.

गॅम्बियाने दुर्गम शाळांतील शिक्षकांना मूळ वेतनाच्या ३० ते ४० टक्के भत्ता देऊ केला, तेव्हा प्रशिक्षित शिक्षक स्वतःहून तेथे बदली मागू लागले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने गरीब वस्तीतील शाळांमध्ये गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण शिकवणाऱ्यांना वर्षाला १,८०० डॉलर जादा दिले, तर शाळा सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण १७ टक्क्यांनी घटले. दूरच्या शाळेतील मुलांना वर्षभर एकच, जाणकार शिक्षक मिळणे हीच त्यांच्यासाठी पहिली गुणवत्ता आहे. येथे कोणाची परीक्षा घ्यावी लागत नाही, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि रक्कम आधीच ठाऊक असते.

मधली सुट्टी

रक्कम आधी ठाऊक असण्याचे महत्त्व शिक्षक नसणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. डेन्व्हर शहराने २००५ मध्ये मतदान घेऊन अनेक बोनसांची योजना आणली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तेथील शिक्षक संपावर गेले. त्यांची एक मुख्य तक्रार हीच होती, की पुढच्या वर्षी आपल्या हाती किती येईल हे सांगता येत नाही. त्यांनी अधिक स्थिर मूळ वेतन मागितले आणि मिळवले. गृहकर्जाचा हप्ता दरमहा ठरलेला असतो. मुलांच्या गुणांबरोबर तो वरखाली होत नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

सर्व प्रतिसाद वाचले. गुणवत्तेचा वेतनाशी संबंध असावा, या मतावर मी अजूनही ठाम आहे. मात्र तो दरवर्षीच्या बोनसमधून साधावा की पदोन्नतीच्या पायऱ्यांतून, यावर विचार करता मला दुसरा मार्ग अधिक पटतो. सिंगापूरमध्ये उत्तम शिक्षकाला मुख्याध्यापक किंवा अधिकारी न होताही, वर्गात शिकवत राहूनच वरच्या पदावर आणि वेतनावर जाता येते. त्याच्याकडून नव्या शिक्षकांना घडवण्याची अपेक्षा असते. आपल्या परिचयाच्या बहुतेक व्यवस्थांत याच्या उलट घडते. चांगल्या शिक्षकाला बढती द्यायची म्हणजे त्याला वर्गातून उचलून कार्यालयात बसवायचे.

तेव्हा आता माझा प्रस्ताव असा: सर्वांना पुरेसे, स्थिर आणि वेळेवर मिळणारे मूळ वेतन, अवघड शाळांसाठी शाईची दौत यांनी सांगितला तसा ठसठशीत भत्ता, आणि काही वर्षांच्या कामाचे निरीक्षण करून मिळणारी वरची पायरी, ज्यात शिक्षक वर्गातच राहील. या तिसऱ्या भागावर आक्षेप असल्यास कळवावे.

आकडेशास्त्री

आक्षेप आहे. पायरी एकदा चढली की खाली उतरवता येत नाही, त्यामुळे चढल्यानंतर प्रेरणा संपते. आंध्रमध्ये ३ टक्क्यांनी जे साधले, ते मी इतक्या सहज सोडून देणार नाही. किमान पायरीचा काही भाग दर पाच वर्षांनी फेरतपासणीवर ठेवावा.

जुनी पाने

युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या १९६६ च्या शिफारशीत म्हटले आहे, की वेतन ठरवण्यासाठी गुणवत्तेचे मूल्यमापन आणायचे असेल, तर शिक्षक संघटनांशी आधी चर्चा व्हावी आणि त्यांची संमती असावी. तीनही भागांना, आणि विशेषतः फेरतपासणीला, ही अट लावावी. इंग्लंडने २०१३ मध्ये कामगिरीनुसार वेतन सर्व सरकारी शाळांना बंधनकारक केले आणि २०२४ मध्ये ते बंधन काढून घेतले. संमतीवाचून आणलेली पद्धत शाळांमध्ये रुजत नाही, असाच अर्थ मी त्यातून घेतो.

निवृत्त मुख्याध्यापक

निरीक्षण कोण करणार, हे अजून कोणी सांगितलेले नाही. मी सेवेत असताना गोपनीय अहवाल लिहीत असे, आणि वर्षअखेरीस एका बैठकीत ते सगळे लिहून होत, कारण वर्गात जाऊन बसायला वेळच उरत नसे. माहिती भरणे, खर्चाचे हिशेब आणि बैठका यांतच दिवस सरत असे. अशा अहवालांवर कोणाचे वेतन ठरवणे मला मान्य नाही. वर्षातून निदान चारपाच वेळा, वेगवेगळ्या व्यक्तींनी, त्यांतील एक तरी बाहेरच्या शाळेतील त्याच विषयाचा अनुभवी शिक्षक असेल अशा रीतीने पूर्ण तास बसून निरीक्षण करावे, आणि लेखी अभिप्राय त्या शिक्षकाला त्याच आठवड्यात द्यावा. याला माणसे लागतात आणि पैसा लागतो. पाटीपेन्सिल यांनी वेतनाचा दहावा हिस्सा गुणवत्तेसाठी सुचवला होता; मी म्हणेन, पहिली काही वर्षे ती रक्कम या निरीक्षकांवर खर्च करावी आणि वेतनाला तोवर हात लावू नये.

मधली सुट्टी

या अटीवर माझ्या वर्गात कोणीही, केव्हाही येऊन बसावे. फक्त येणाऱ्याने कधीतरी स्वतः पहिलीला शिकवलेले असावे.